पिष्टान्न आणि पाठीचा कणा

म्हातारपणीं कंबर धरते, गुडघे कुरकुरूं लागतात, आणि उतारवयाचा हा कर समजून मनुष्य तो मुकाट्यानें भरतो. परंतु बावीस-तेवीस वर्षांचा एखादा तरुण पहाटे चार वाजतां पाठीच्या ठणक्यानें जागा होत असेल, अंथरुणांतून उठतांना त्याला आधीं कुशीवर वळून, मग हातांवर भार देऊन, वृद्धासारखें टप्प्याटप्प्यानें उभें राहावें लागत असेल, आणि तासाभरानें चालूं-फिरूं लागल्यावर तोच तरुण पुन्हां मोकळा होत असेल, तर घरच्यांना त्याचा अर्थ लागत नाहीं. आई म्हणते, गादी बदला. वडील म्हणतात, रात्रीं जागतोस त्याचें हें फळ. शेजारचे गृहस्थ एखाद्या तेलाचें नांव सांगतात. डॉक्टरहि पहिल्या भेटींत, ‘पाठ लचकली असेल, आठ दिवस विश्रांति घ्या,’ असें सांगून मोकळे होण्याचा संभव असतो. आणि विश्रांति हीच नेमकी या रोग्याला बाधते. साध्या पाठदुखींत पडून राहिल्यानें बरें वाटतें; या दुखण्यांत पडून राहिल्यानें पाठ अधिक आंखडते आणि हालचालीनें सुटते. एवढी एक खूण घरोघर माहीत असती, तर पुष्कळ तरुणांचीं कित्येक वर्षें वांचलीं असतीं.

या दुखण्याला डॉक्टरी भाषेंत अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस असें लांबलचक नांव आहे. मराठींत त्याला कण्याचा ताठर संधिवात म्हणतां येईल. माकडहाडाच्या वर, जेथें कणा कटिबंधाला मिळतो, तेथील दोन सांध्यांत बहुधा त्याचा आरंभ होतो. हाडाला जेथें स्नायुबंध चिकटतात तेथें दाह होतो. दाह ओसरतांना शरीर डागडुजी करूं जातें, आणि ही डागडुजीच घातक ठरते, कारण तेथें नवें हाड धरतें. एक मणका दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला जोडला जातो. क्ष-किरणांच्या चित्रांत असा कणा पेरापेरांच्या वेळूसारखा दिसतो. सर्वांचा रोग या थराला जात नाहीं. पण ज्यांचा जातो त्यांची मान पुढें झुकून राहते आणि समोरून येणाऱ्याचें तोंड पाहण्यासाठींहि त्यांना सबंध अंग मागें न्यावें लागतें. कित्येकांचा डोळा मधूनमधून लाल होऊन दुखतो. तो डोळे येण्याचा प्रकार समजून दुर्लक्षिला, तर दृष्टीला धोका असतो.

रोग जुनाच आहे. अशा जोडलेल्या सांगाड्याचें वर्णन बर्नार्ड कॉनर या आयरिश वैद्यानें सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलें. १८९३ सालीं रशियांत बेख्तेरेव यांनीं, आणि लवकरच जर्मनींत स्ट्र्यूम्पेल व फ्रान्समध्यें पियेर मारी यांनीं, त्याला वैद्यकांत स्वतंत्र स्थान मिळवून दिलें. तरीहि तो कां होतो, याचा धागा सांपडायला पुढें ऐशीं वर्षें गेलीं.

अशा रोग्याच्या कानावर आज ना उद्यां एक सल्ला येतो: भात, भाकरी, पोळी, बटाटा, सारें सोड, पिष्ट म्हणजे स्टार्च पोटांत जाऊं देऊं नकोस, पाठ सुटेल. हा सल्ला ऐकून कोणाच्या मनांत धोतराला घालावयाची खळ उभी राहील. तांदळाच्या कांजीनें कापड ताठ होतें, तसे भातानें सांधे ताठ होतात, अशी उपमा कांहीं लोक गंभीरपणें देतातहि. ती उपमा पार चुकीची आहे. खाल्लेल्या भातांतील पिष्ट सांध्यापर्यंत पिष्ट म्हणून कधींच पोंचत नाहीं. लाळेंतील आणि लहान आंतड्यांतील पाचक द्रव्यें त्याची साखर करून टाकतात. परंतु उपमा चुकली म्हणून सल्ला टाकाऊ ठरत नाहीं. त्याच्या मागें एका शास्त्रज्ञाची पुष्कळ वर्षांची खटपट आहे.

१९७३ सालीं लंडनमध्यें डेरिक ब्रूअर्टन आणि त्यांचे सहकारी यांनीं या रोगाच्या ७५ रोग्यांचें रक्त तपासलें. मनुष्याच्या पेशींवर तिची ओळख सांगणारीं कांहीं प्रथिनें असतात. जणूं घरावरची पाटीच. त्या प्रथिनांपैकीं एचएलए-बी-२७ या नांवाचें प्रथिन ७५ पैकीं ७२ रोग्यांत निघालें, आणि तुलनेसाठीं घेतलेल्या ७५ निरोगी माणसांपैकीं केवळ तिघांत. त्याच वर्षीं अमेरिकेंत लॉस एंजलिस येथेंहि स्वतंत्रपणें हाच शोध लागला. वैद्यकांत इतका ठळक संबंध क्वचित् दिसतो. तथापि एक कोडें उरलें. ब्रिटनमधील शंभर माणसांत आठांच्या अंगीं ही पाटी असते, आणि त्यांतील मोजक्याच माणसांना रोग होतो. म्हणजे पाटी ही जमीन झाली. बीं दुसरीकडून यावयास हवें.

तें बीं आंतड्यांतून येतें, असें ॲलन एब्रिंगर यांनीं मांडलें. हे लंडनच्या किंग्ज कॉलेजांत रोगप्रतिकारशास्त्राचे प्राध्यापक, आणि त्या काळच्या मिडलसेक्स रुग्णालयांत या रोग्यांना तपासणारे. रोग जोरांत असतांना कित्येकांच्या विष्ठेंत क्लेब्सिएला जातीचे जंतु अधिक सांपडतात, आणि रक्तांत त्या जंतूंविरुद्ध प्रतिद्रव्यें दिसतात, असें त्यांना आढळलें. पुढें १९८७ सालीं अमेरिकन संशोधकांनीं दाखविलें कीं, क्लेब्सिएलाच्या एका प्रथिनांतील सहा घटकांची ओळ आणि बी-२७ मधील सहा घटकांची ओळ तंतोतंत एकच आहे. पिष्ट फोडणाऱ्या एका पाचक द्रव्याशीं संबंध असलेल्या जंतूच्या दुसऱ्या एका प्रथिनांतहि एब्रिंगर यांच्या मंडळीस तशाच तऱ्हेचें साम्य दिसलें. यावरून बांधलेला तर्क असा: शरीराचे शिपाई जंतूवर धावून जातात, आणि चोराचा व घरधन्याचा अंगरखा एकाच कापडाचा असल्यामुळें घरधन्यालाहि बडवून काढतात.

आतां येथें पिष्टाचा संबंध येतो. खाल्लेलें सर्वच पिष्ट लहान आंतड्यांत पचत नाहीं. शिजवून गार झालेला भात, कच्चें केळें, डाळी व कडधान्यें यांतील कांहीं भाग न पचतां मोठ्या आंतड्यांत उतरतो आणि तेथील जंतूंचें अन्न होतो. साखर मात्र वरच्या वर शोषली जाते, म्हणून या आहारांत मध आणि पिकलेलीं फळें चालतात. मधुमेहाच्या पथ्याशीं याचा घोंटाळा करूं नये. प्रयोगशाळेंत क्लेब्सिएलाला साध्या शर्करा दिल्या तर तो फोफावतो, प्रथिनांचे घटक दिले तर फारसा वाढत नाहीं, असें एब्रिंगर यांनीं पाहिलें. मग त्याचा दाणापाणी तोडला तर? ब्रेड, बटाटे, केक आणि मॅकरोनीसारखे पदार्थ कमी करावयाचे, मांस, मासे, फळें आणि हिरव्या भाज्या वाढवावयाच्या, असा लंडनचा आहार त्यांनीं आपल्या रोग्यांना दिला. १९९६ सालीं क्लाइड विल्सन यांच्यासह लिहिलेल्या लेखांत त्यांनीं नमूद केलें कीं, या आहारानें निरोगी माणसांत आणि रोग्यांत आय-जी-ए नांवाचें प्रतिद्रव्य रक्तांत उतरलें, आणि रोग्यांचा दाह व त्रासहि कमी झाला.

लंडनच्या माणसाला ब्रेड आणि बटाटा सोडला कीं बरेचसें साधलें. मराठी घरांत हा प्रश्न ताटाच्या मधोमध येऊन बसतो. तांदळाच्या दाण्यांत सुमारें तीन-चतुर्थांश वजन पिष्टाचें. ज्वारी, बाजरी, नाचणी, गहूं यांची कथा थोडीफार तीच. पोहे, रवा, शेवया, मुरमुरे गेले. वरण-आमटीला पिष्ट नसेल अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु डाळीच्या वजनाचा निम्म्याच्या जवळपास भाग पिष्टच आहे. बेसन गेलें, म्हणजे झुणका, भजीं आणि कढीला लावलेलें पीठ हीं गेलीं. बटाटा, रताळें, सुरण, अळकुड्या, कच्चें केळें, हीं तर उघडच. इतकें सोडूनहि शत्रु चोरपावलांनीं शिरतो. बाजारांत डबींत मिळणाऱ्या हिंगाच्या पुडींत बहुतेक गव्हाचें किंवा तांदळाचें पीठ मिसळलेलें असतें. खडा हिंग घेतला तर ही अडचण टळते. खाण्याच्या सोड्याबरोबर विकली जाणारी बेकिंग पावडर पिष्ट घालूनच केलेली असते. औषधाच्या गोळ्या वळण्यासाठींहि मक्याचें पिष्ट वापरतात, मात्र तें इतकें अल्प कीं त्यापायीं डॉक्टरांनीं दिलेली गोळी टाकणें हा शुद्ध वेडेपणा होईल.

आणि सर्वांत मौज उपवासाची. धान्य वर्ज्य, म्हणून एकादशीला पिष्टहि टळत असेल असें वाटावें. परंतु साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदांतून काढलेलें जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याच्या जोडीला बटाटा, रताळें, वरीचे तांदूळ, शिंगाड्याचें पीठ आणि राजगिरा. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण या रोग्याच्या बाबतींत अक्षरशः खरी ठरते. एऱ्हवीं पोटांत जाणार नाहीं इतकें पिष्ट त्या दिवशीं जातें. या आहाराच्या दृष्टीनें खरा उपवास करावयाचा, तर दूध, दही, शेंगदाणे, ओलें खोबरें आणि पिकलीं फळें यांवरच राहावें लागेल.

कशांत पिष्ट आहे याचा निकाल घरच्या घरीं लावतां येतो. शाळेंत रसायनाच्या पहिल्या धड्यांतला तो प्रयोग आहे. टिंक्चर आयोडीन पाण्यांत थोडें पातळ करून त्याचा एक थेंब पदार्थाच्या कापलेल्या भागावर टाकावा. रंग तपकिरी राहिला तर पिष्ट नाहीं. निळा-काळा झाला तर आहे. पिष्टाचे लांब धागे मळसूत्रासारखे वळलेले असतात आणि आयोडीन त्या वळ्यांच्या पोकळींत जाऊन बसतें, म्हणून हा रंग. फ्रान्समधील कोलँ आणि गोल्तिये द क्लोब्री यांनीं १८१४ सालीं हें प्रथम नोंदविलें. आणि आज हा आहार पाळणारे कित्येक रोगी तीच बाटली स्वयंपाकघरांत ठेवतात. थेंब टाकलेला तुकडा मात्र फेंकून द्यावा, खाऊं नये. हिरव्या सालीचें केळें आणि ठिपके पडलेलें पिवळें केळें शेजारीं ठेवून मुलांना हा प्रयोग दाखवावा. पहिलें काळें पडतें, दुसऱ्यावर जेमतेम डाग उमटतो, कारण पिकण्याची क्रिया म्हणजेच पिष्टाची साखर होणें. कैरी आणि आंबा यांचा संबंधहि असाच.

मग खावयाचें काय? मासे, अंडीं, मांस ज्यांच्या घरीं चालतें त्यांचें कांहींसें सोपें. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याकडचा माणूस म्हणेल, मासा आहे, नारळ आहे, सोलकढी आहे, आणखी काय हवें? पण भाताविना माशाचें कालवण हें त्यालाहि दोन दिवसांत कळेल. शाकाहारी घरांत अडचण खरी आहे. डाळ गेली कीं प्रथिनांचा मुख्य झरा आटतो. दूध, दही, पनीर, शेंगदाणे, तीळ, बदाम यांवर गाडी न्यावी लागते. दुधी, पडवळ, दोडका, कोबी, काकडी, मुळा आणि पालेभाज्या यांनीं पोट भरावें लागतें, आणि तूप हात न आंखडतां वाढावें लागतें. तसें न केलें तर वजन झपाट्यानें उतरतें. हे रोगी पुष्कळदां आधींच काटकुळे असतात, शिवाय या रोगांत हाडें आंतून ठिसूळ होण्याकडे कल असतो. कणा ताठर आणि हाड पोकळ, अशा मनुष्याला एरवीं क्षुल्लक वाटणाऱ्या पडण्यानें मणका मोडण्याचें भय असतें. म्हणून दूधदुभतें आणि ऊन यांची काटकसर येथें चालणार नाहीं.

या पथ्याची आणखी एक किंमत आहे, ती कोणत्याहि तक्त्यांत येत नाहीं. पंगतींत बसलेला तरुण पानावरचा भात बाजूला सारतो, तेव्हां आजी विचारते, “अरे, भात नाहीं घेतलास तर जेवलास काय?” त्याच्याजवळ उत्तर असतें, पण तें आजीला समजेल असें नसतें. लग्नकार्यांत, प्रवासांत, कचेरीच्या डब्यांत त्याला रोज कोणाला तरी खुलासा द्यावा लागतो. ‘आम्हीं जन्मभर भाकरी खाल्ली, आमचे कणे कोठें जोडले गेले?’ हा प्रश्न त्याला दहा वेळां ऐकावा लागतो. प्रश्न बिनतोड वाटतो खरा. परंतु शंभर जणांनीं पाऊस झेलला आणि एकालाच ताप आला, म्हणून त्या एकानें छत्री घेऊं नये असें कोणी म्हणत नाहीं. घरच्यांनीं निदान थट्टा तरी करूं नये.

एवढें सोसून गुण खात्रीनें येतो काय? येथें उत्साही मंडळींचा आणि शास्त्राचा रस्ता वेगळा होतो.

आंतड्यांचा आणि या रोगाचा संबंध आतां वादाचा राहिलेला नाहीं. बेल्जममधील गेंट येथें १९८० नंतरच्या दशकांत अशा जातीच्या संधिवाताच्या रोग्यांचीं आंतडीं नळी घालून तपासलीं, तेव्हां पोटाची कसलीहि तक्रार नसतांना निम्म्याहून अधिकांच्या आंतड्यांत सूक्ष्म दाह आढळला. अमेरिकेंत डॅलस येथील संशोधकांनीं १९९० सालीं बी-२७ चें मानवी जनुक उंदरांत घातलें. त्या उंदरांना सांध्यांचा आणि आंतड्यांचा दाह झाला. १९९४ सालीं त्यांनीं तसेच उंदीर संपूर्ण जंतुरहित पेट्यांत वाढविले, आणि त्यांचीं आंतडीं व सांधे निरोगी राहिले. यापेक्षां स्वच्छ पुरावा मागणें कठीण. जमीन तीच, पण बीं नाहीं, तर पीक नाहीं.

परंतु तें बीं क्लेब्सिएलाचेंच, हें मात्र सिद्ध झालेलें नाहीं. त्या उंदरांवरील पुढच्या प्रयोगांत आंतड्यांत सदैव नांदणाऱ्या बॅक्टिरॉइडीझ या निराळ्याच जंतूंचा हात ठळक दिसला. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत, ज्या कुटुंबांत हा रोग पिढीजाद आहे त्यांतील रोग्यांच्या रक्तांत क्लेब्सिएलाला मुख्य आरोपी ठरविण्याइतका पुरावा मिळाला नाहीं. शिवाय न पचलेलें पिष्ट हें सर्वच जंतूंचें अन्न आहे. त्यांतील कित्येक जंतु त्या पिष्टापासून असें एक आम्ल तयार करतात कीं, आंतड्याचें अस्तर त्याच्यावर पोसलें जातें. चोराची रसद तोडतांना गांवाची रसद तुटते ती अशी. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे, चिठ्ठ्या टाकून रोग्यांचे दोन गट पाडावे, एकाला हा आहार आणि दुसऱ्याला नेहमींचा द्यावा, आणि दीर्घ काळ दोहोंची तुलना करावी, अशा मोठ्या चाचणीचा आधार या आहाराला नाहीं. युरोपांतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनें २०२२ सालीं दिलेल्या सल्ल्यांत, कोणत्याहि एका विशिष्ट आहारानें मोठा गुण येण्याची शक्यता कमी आहे, असाच अभिप्राय आहे.

‘पण मला गुण आला ना!’ असें रोगी म्हणतो. त्याचा अनुभव खोटा मानण्याचें कारण नाहीं. मात्र हा रोग आपल्या आपणच भरती-ओहोटीसारखा चढतो आणि उतरतो, आणि मनुष्य कडक पथ्याला लागतो तो बहुधा भरतीच्या वेळीं. म्हणजे ओहोटीचें श्रेय पथ्याकडे जाणें अगदीं सोपें. मोजदाद केल्याशिवाय समाधानावर विसंबलें कीं काय होतें, याचें उदाहरण याच रोगाच्या इतिहासांत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या रोग्यांच्या कण्यावर क्ष-किरण सोडण्याची चाल होती. त्यानें दुखणें थांबे, रोगी दुवा देत, डॉक्टर संतुष्ट असत. १९५७ सालीं कोर्ट ब्राउन आणि रिचर्ड डॉल या दोघांनीं ब्रिटनमधील अशा तेरा हजारांहून अधिक रोग्यांची नोंद तपासली, तेव्हां त्यांच्यांत रक्ताच्या कर्करोगानें अपेक्षेपेक्षां कितीतरी पट मृत्यु झाल्याचें उघडकीस आलें. एकेका रोग्याला विचारून हें कधींच कळलें नसतें. भात सोडण्यांत असला भयंकर धोका नाहीं, हें खरें. पण पारख करण्याची रीत दोन्हींकडे एकच.

आहाराची चाचणी घेतांच येत नाहीं, ही सबब मात्र कोणी सांगूं नये. हातापायांच्या सांध्यांना सुजविणारा जो दुसरा संधिवात, त्याच्या रोग्यांवर नॉर्वेंत ऑस्लो येथें अशी चाचणी झाली आणि १९९१ सालीं तिचा वृत्तांत छापून आला. २७ रोग्यांना सात ते दहा दिवस उपवास आणि पुढें वर्षभर शाकाहार दिला. त्याच्या पहिल्या कांहीं महिन्यांत गहूं आणि दूधहि वर्ज्य होतें. २६ रोगी तुलनेसाठीं नेहमींच्या आहारावर ठेवले. पहिल्या गटाची प्रकृति निश्चित सुधारली, आणि वर्ष संपलें तरी ती सुधारणा टिकून होती. गंमत अशी कीं, लंडनचा आहार मासे-मांसाकडे ढकलतो आणि ऑस्लोचा आहार भाजीपाल्याकडे. रोग दोन, पथ्यें दोन. एकाचें पथ्य दुसऱ्यानें उसनें घेऊं नये.

कण्याच्या ताठर संधिवातावर आज औषधें आहेत, आणि तीं चांगलीं आहेत. दाह शमविणाऱ्या गोळ्यांनीं पुष्कळांची सकाळ सुसह्य होते. ज्यांना त्या पुरत नाहींत त्यांच्यासाठीं या शतकाच्या आरंभापासून सुईवाटे द्यावयाचीं नवीं औषधें निघालीं आहेत. दाह पसरविणारीं शरीरांतील द्रव्येंच तीं नेमकीं अडवितात. त्यांचा खर्च मध्यमवर्गीय घराला जड जातो, आणि तीं सुरू करण्यापूर्वीं क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते, कारण दबून बसलेला क्षय त्यांनीं डोकें वर काढतो. खर्च आणि भीति या दोन्हींमुळेंच मनुष्य ‘केवळ आहारानें बरें करा’ असें सांगणाऱ्याच्या दारीं जातो. त्याला दोष कसा द्यावा? पण जोडलेला मणका पुन्हां सुटत नाहीं. वर्षभर औषध बंद ठेवून आहाराची परीक्षा पाहिली आणि ती फसली, तर भाकरी पुन्हां सुरू करतां येते; कण्याचीं तीन पेरीं परत मिळत नाहींत.

तेव्हां ज्याला हा आहार करून पाहावयाचा आहे, त्यानें तो औषधाच्या जागीं नव्हे, औषधाच्या जोडीला करावा. वाढत्या वयाच्या मुलांनीं, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीं आणि मुळांतच वजन कमी असलेल्यांनीं यांत पडूं नये. मधुमेहाचें औषध घेणाऱ्यानें तर डॉक्टरांस विचारल्याखेरीज भात-पोळी एकाएकी सोडूंच नये, कारण रक्तांतील साखर धोक्याच्या खालीं जाईल. विडी-सिगरेट असेल तर ती आधीं सोडावी. तिनें हा रोग बळावतो, याविषयीं आहाराच्या बाबतींत आहे तसा मतभेद नाहीं. सकाळचा व्यायाम एक दिवसहि चुकूं देऊं नये. पोहणें उत्तम, तें न जमेल त्यानें पालथें पडून छाती वर उचलण्याचा आणि खोल श्वास घेण्याचा अभ्यास ठेवावा, कारण बरगड्यांचे सांधे आंखडले म्हणजे छाती फुगेनाशी होते.

आणि एक वही घालावी. इंग्लंडमधील बाथ या ऊन पाण्याच्या झऱ्यांच्या गांवीं संधिवाताचें एक जुनें रुग्णालय होतें. तेथील डॉक्टरांनीं १९९४ सालीं सहा प्रश्नांची एक सोपी मापनपद्धति तयार केली: थकवा किती, पाठीचें दुखणें किती, इतर सांधे किती दुखतात, दाबल्यावर कोठें दुखतें, सकाळचा ताठरपणा किती तीव्र आणि किती वेळ. शून्यापासून दहापर्यंत गुण स्वतःलाच द्यावयाचे. आहार सुरू करण्यापूर्वीं दोन आठवडे, आणि मग तीन महिने, दर रविवारीं हे आंकडे लिहावे. त्यांच्या शेजारीं वजन लिहावें. भिंतीला टांचा आणि पाठ टेंकून उभें राहावें, हनुवटी न उचलतां डोकें मागें न्यावें, आणि डोकें व भिंत यांत किती अंतर उरतें तें घरच्या कोणाकडून पट्टीनें मोजून घ्यावें. आरंभीं आणि अखेरीस रक्ताची दाह दाखविणारी तपासणी करावी. या काळांत औषध वाढलें किंवा घटलें, तर तीहि तारीख वहींत हवी.

तीन महिन्यांत कांहींच फरक न दिसल्यास आजीनें वाढलेला भात पुन्हां सुखानें जेवावा. फरक दिसला, तर आणखी एक पायरी राहते, आणि बहुतेक लोक ती गाळतात. एके दिवशीं मुद्दाम भाकरी, वरण-भात सुरू करावा, दोन आठवडे तसाच चालूं द्यावा, आणि वही पूर्वींप्रमाणेंच लिहीत राहावी. पट्टी धरणाऱ्याला मात्र पथ्य मोडलें आहे कीं चालू आहे, हें सांगूं नये.